ऑटोफ्लॉवरचे वेळापत्रक आणि लष्करातला दवणा

ग्वाल्हेरला दवणा मिळत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाला दवणा वाहण्याची आमच्या घरची रीत आहे. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवरचे जोतिबाचे आजचे देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधून घेतले. शिंद्यांबरोबर उत्तरेत आलेल्या घरांनी आपले देव बरोबर आणले, पण दवणा तिकडेच राहिला. कोल्हापूरहून कोणी येणार असेल तर जुडी येते आणि दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासात सुकून काळी पडते. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर माकडे एकही कुंडी टिकू देत नाहीत आणि मधल्या खोल्यांत ऊन पोहोचत नाही. म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये मी घरात रोपे वाढवण्याचा एक तयार संच ऑनलाइन मागवला. सहा महिने तो रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे आणि या संचाविषयी मला जे म्हणायचे आहे त्याचा त्या विषयाशी जवळचा संबंध आहे.

संचात ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आणि १४० सेंटिमीटर उंचीचा, आतून चंदेरी अस्तर लावलेला कापडी तंबू, एलईडी दिव्यांची एक पाटी, चार इंची एक्झॉस्ट पंखा, त्याला जोडायचा कार्बन फिल्टर, टायमर, चार कापडी कुंड्या, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, विटा, द्रवखताच्या दोन बाटल्या आणि एक छापील माहितीपत्रक एवढ्या वस्तू होत्या. किंमत साडेचौदा हजार रुपये. तंबूची शिवण आणि चेन चांगली आहे, चेन लावल्यावर आत प्रकाशाचा एक कवडसाही येत नाही आणि हा गुण पुढे फार उपयोगी पडला. खोक्यावर दिव्यांची ताकद १००० वॉट अशी ठळक छापली आहे. प्लगला मीटर लावून पाहिले तर दिवे ९८ वॉट वीज घेतात. एलईडीला एवढी वीज पुरेशी आहे आणि चार कुंड्यांना प्रकाशही भरपूर मिळतो, त्यामुळे तो फुगवलेला आकडा छापण्याची काही गरज नव्हती.

आता माहितीपत्रकाविषयी, कारण खरी अडचण तिथेच आहे. आठ पानांच्या त्या पत्रकात दहा आठवड्यांचा तक्ता आहे. पेरणीपासून कापणीपर्यंत रोज १८ तास प्रकाश द्यावा, चौथ्या आठवड्यापासून फुलांसाठीचे दुसरे खत सुरू करावे, सातव्या आठवड्यापासून वास तीव्र होईल म्हणून कार्बन फिल्टर जोडावा, असे त्यात लिहिले आहे. झाडाचे नाव कुठेही नाही. परंतु ज्याने पाने पाहिली आहेत त्याला ते लहानसे रेखाचित्र ओळखायला वेळ लागत नाही. हा तक्ता गांज्याच्या ज्या जातींना ऑटोफ्लॉवर म्हणतात त्यांच्यासाठी परदेशात तयार झालेला आहे आणि इथल्या विक्रेत्याने तो भाषांतर करून जशाच्या तसा खोक्यात घातला आहे.

गांज्याचे नेहमीचे झाड दिनमान लहान होऊ लागले की फुलते. म्हणून परदेशात जिथे लागवडीला परवानगी आहे तिथे घरात ते वाढवणारे लोक आधी जास्त तास दिवे ठेवतात आणि फुलांची वेळ आली की बारा तास प्रकाश व बारा तास अंधार असा बदल करतात. रशिया आणि मध्य आशियाच्या थंड भागात वाढणारी रुडेरालिस ही ठेंगणी जात याला अपवाद आहे. तिथला उन्हाळा इतका आखूड असतो की रात्री मोठ्या होण्याची वाट पाहणे झाडाला परवडत नाही, म्हणून ते वयाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपोआप फुलावर येते. या जातीशी संकर करून ऑटोफ्लॉवर वाण तयार झाले. त्यांना १८ तास प्रकाश दिला तरी ते फुलतात आणि बी पेरल्यापासून साधारण दोन ते तीन महिन्यांत त्यांचे आयुष्य पूर्ण होते. त्यातल्या उग्र वासाच्या वाणांचा दर्प शेजारच्या घरापर्यंत जातो. गांज्याच्या वासात टर्पीन वर्गातली तेले असतातच, पण त्यातला जो स्कंक या प्राण्यासारखा भाग आहे तो गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक अभ्यासात दाखवले गेले. कार्बन फिल्टर या संचात का आहे, हे यावरून कळेल.

भारतात हे झाड घरी लावणे गुन्हा आहे, हे इथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पत्रकात त्याविषयी एक ओळही नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, गांज्याच्या कोणत्याही झाडाची लागवड करण्यास मनाई केली आहे. कुंडीतले एक रोपही त्यात येते. कलम २० प्रमाणे लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने उघड चालतात, त्यामुळे झाड लावायलाही हरकत नसावी असे मला दोघातिघांनी विचारले. हा समज चुकीचा आहे. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया कायद्यातल्या गांज्याच्या व्याख्येत येत नाहीत म्हणून राज्ये भांगेला परवाने देऊ शकतात. लागवडीवरची मनाई त्याने सैल होत नाही. अफूच्या परवाना-शेतीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या ग्वाल्हेरच्या विक्रेत्यांनी आणि ग्राहकांनी तरी या बाबतीत जागरूक राहावे.

संच वापरणे मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे आणि मी त्यात दवणा, मरवा आणि शेवंती लावली. दवण्याचे बी फार बारीक असते व लवकर निकामी होते. नात्यातून आलेल्या दोन पुड्यांपैकी गेल्या हंगामातले बी उगवले, त्याआधीच्या वर्षाचे एकही उगवले नाही. बी बारीक वाळूत मिसळून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओलसर पृष्ठभागावर पसरले आणि वर माती घातली नाही. कोकोपीट तीन वेळा धुऊन घेतले होते, कारण न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि कोवळी मुळे त्याने करपतात. पत्रकात या धुण्याचाही उल्लेख नाही.

पहिले चार आठवडे मी पत्रकाप्रमाणे १८ तास दिवे ठेवले. दवणा आणि मरव्याची पाने जोमदार आली. शेवंतीची रोपेही हिरवीगार झाली, उंच वाढली, पण त्यांना कळी म्हणून आली नाही. त्याच बेण्याच्या फुटव्यांतून शेजारच्या काकूंनी जाळी लावलेल्या सज्जात ठेवलेली कुंडी तेव्हा कळ्यांनी भरली होती. त्यांनी मला विचारले, “अगं, तुझ्या शेवंतीला एवढे दिवे लावतेस, तरी ती रुसली का?” मी वर्गात वर्षानुवर्षे जे शिकवले होते तेच माझ्यासमोर कुंडीत उभे होते आणि केवळ छापील तक्त्यावर विश्वास ठेवल्यामुळे मी ते चार आठवडे पाहिले नाही, याचे मला वाईट वाटले.

गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवले की कित्येक वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. शेवंती ही त्यांतली अगदी ठरलेली वनस्पती आहे. रात्र पुरेशी मोठी झाली की तिला कळी धरते. ग्वाल्हेरला जूनमध्ये दिवस पावणेचौदा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात साडेदहा तासांपर्यंत उतरतो, म्हणून आपल्याकडे शेवंती हिवाळ्यात फुलते. १८ तास दिवे म्हणजे तिच्यासाठी कधीच न संपणारा जून. उलट टोमॅटो किंवा मिरची लावली असती तर हा तक्ता बराचसा चालून गेला असता, कारण त्यांचे फुलणे रात्रीच्या लांबीवर फारसे अवलंबून नसते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी टायमर अकरा तासांवर आणला. वीसेक दिवसांत मोहरीएवढ्या कळ्या दिसू लागल्या आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पिवळी शेवंती पूर्ण उमलली. या मधल्या काळात टायमरने मात्र दोनदा घात केला. त्याला बॅटरीचा आधार नाही. वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते आणि परत आली की तिथूनच पुढे चालू लागते. एकदा दुपारी चार तास वीज नव्हती आणि त्या रात्री दिवे अंधाराच्या तासांत लागलेले राहिले. रात्रीच्या मधोमध पडलेला थोडा प्रकाशही शेवंतीला लहान रात्रीसारखाच वाटतो, म्हणून ही त्रुटी किरकोळ समजू नये. मी बाजारातून बॅटरी असलेला डिजिटल टायमर आणून लावला.

तास कमी केल्याने विजेतही फरक पडला. १८ तासांप्रमाणे महिन्याला सुमारे ५३ युनिट लागतात, अकरा तासांप्रमाणे ३२.

या संचाचा सर्वांत मोठा गुण मला जानेवारीत कळला. आमच्याकडे त्या महिन्यात पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि दाट धुक्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही. खोलीत ११ अंश असताना बंद तंबूत दिव्यांच्या उबेने १७ अंश राहत होते. दवण्याला थंडी आवडते पण धुके आणि गारठ्यात पाने ओली राहिली की कोवळी रोपे बुडाशी कुजतात, आणि पंखा मंद ठेवल्याने ते टळले. मार्चपासून उलटी परिस्थिती झाली. तंबूतले तापमान ३८ अंशांवर गेल्यावर मी दिव्यांची वेळ बदलून रात्री प्रकाश आणि दिवसा अंधार केला. बंद तंबूत झाडाला घड्याळातल्या वेळेशी कर्तव्य नसते. एप्रिलअखेर ते मे-जूनमध्ये हा संच ग्वाल्हेरला वातानुकूलनाशिवाय चालवू नये, असेच मी सांगेन.

द्रवखताच्या बाटल्या वापरू नयेत. पत्रकातल्या प्रमाणाच्या निम्म्या मात्रेनेही मरव्याची टोके जळली. ही खते भरघोस फुलोरा यावा म्हणून बनवलेली आहेत. आपल्याला पान आणि सुगंध हवा असतो, त्यासाठी महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरले. फिल्टरही मी लावला नाही. तो या संचातला बहुधा सर्वांत महाग भाग असावा आणि वास बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम आहे. दवणा तर वासासाठीच लावायचा. फेब्रुवारीत तंबूची चेन उघडली की गोडसर, किंचित कडवट असा तो वास माजघरापर्यंत येई आणि सासूबाई देवघरातून हाक मारून म्हणत, “सूनबाई, चेन जरा उघडीच ठेव.” त्यांचे वय ८७ आहे आणि ओला दवणा त्यांनी माहेर सोडल्यापासून हातात घेतला नव्हता. मार्चअखेर बारीक पिवळसर फुलांचे तुरे आले आणि चैत्र पौर्णिमेला देवघरातल्या जोतिबाच्या टाकावर वाहण्यासाठी त्यांनी स्वतः कात्रीने पहिली जुडी कापली. कुंड्या चारच, पण जुड्या सात निघाल्या. त्यांतल्या तीन गल्लीतल्या मराठी घरांत गेल्या.

विक्रेत्याला मी दूरध्वनीवर विचारले होते की भारतीय घरांत लावल्या जाणाऱ्या झाडांसाठी वेगळे पत्रक आहे का. त्याने नम्रपणे उत्तर दिले, “मॅडम, सगळ्या झाडांना हेच चालतं.” हे उत्तर मला मान्य नाही. तंबू, दिवे आणि पंखा यांवर मी समाधानी आहे, अंधाऱ्या घरात राहणाऱ्या कोणालाही मी हा संच सुचवीन. पण रात्र मोजणारी झाडे आणि रात्र न मोजणारी झाडे यांना एकच तक्ता देणे म्हणजे ग्राहकाचा हंगाम वाया घालवणे आहे. म्हणून शेवंती, दवणा, मरवा, तुळस, मिरची आणि टोमॅटो यांच्यासाठी प्रकाशाचे तास, खत आणि तापमान यांचा दोन पानी तक्ता मी स्वतः तयार करून विक्रेत्याकडे पाठवला आहे. सोबत फिल्टर आणि खते वगळून कमी किमतीचा संच विकावा, अशी विनंती केली आहे. तसा संच निघाला तर येत्या कार्तिकात मरव्यासाठी मी दुसरा घेईन.