पुरुषपणावरचा ऑनलाइन कोर्स: बापांनी तरी घ्याच
आपण पुरुष आहोत ही जाणीव कशी घडते यावरचा हा कोर्स नुकताच संपवला आणि खरं सांगतो, मनापासून आवडला. सुरुवातीचे व्हिडिओ भारी आहेत, मानसशास्त्रज्ञ कोलबर्गने १९६६ मध्ये मांडलेल्या, मुलांना आपण मुलगा की मुलगी हे कळत जाण्याच्या पायऱ्या इतक्या सोप्या करून सांगितल्यात की लगेच डोक्यात बसतात, म्हणजे २-३ वर्षांचं पोर मी मुलगा आहे म्हणतं पण मोठेपणी आई होणार असंही म्हणू शकतं, आणि साधारण ६-७ व्या वर्षी त्याला कळतं की केस-कपडे बदलले म्हणून आपण बदलत नाही. मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेमची १९८१ ची थिअरीही आहे, बघूनबघून बायकांचं काय पुरुषांचं काय असे कप्पे मनात कसे पडतात त्यावर.

पण जबरदस्त भाग म्हणजे ग्रुप सेशन. एक काका म्हणाले, लहानपणी रडलो की वडील ओरडायचे 'मुलीसारखा काय रडतोस', आणि वडील गेले तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही. बोलताना सारखे आवंढा गिळत होते, ट्रेनर मध्ये एक शब्द बोलला नाही, थांबला. हे फार महत्त्वाचं वाटलं मला.

हार्मोन्सचा भाग मात्र उरकलाय, आणि ट्रान्स पुरुषांवर (जन्मताना मुलगी म्हटलं गेलं, पण जे स्वतः पुरुष आहेत) एकच छोटा व्हिडिओ, हे अजिबात पटलं नाही, त्यांचा अनुभव तर इथे हवाच ना. लाइव्ह सेशन चुकवू नका, रेकॉर्डिंग मिळत नाही.