बनाटी पेटण्यापूर्वीचा दीड तास : मर्दानी खेळाच्या एका पथकाचा अनुभव

आमच्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा गेल्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कळंबा रस्त्यावरील एका लॉनवर झाला. त्यासाठी शिवाजी पेठेतील एका आखाड्याचे मर्दानी खेळाचे पथक आम्ही बोलावले होते. लाठी, दांडपट्टा, फरी-गदका (ढाल आणि काठी) आणि शेवटी पेटत्या बनाट्या, म्हणजे टोके पेटवून गरगर फिरवायच्या काठ्या, असा चाळीस मिनिटांचा कार्यक्रम ठरला. त्यात प्रत्यक्ष आगीचा भाग जेमतेम बारा मिनिटांचा होता. हलगीचा ठेका, पोरांची चपळाई आणि अंधारात फिरणारी जाळाची वर्तुळे यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण असे पथक ठरवू पाहणाऱ्याला उपयोगी पडेल ते त्याआधीच्या दीड तासात घडले, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

मी या बाबतीत जरा अधिकच धास्तावलेला माणूस आहे, हे आधीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी नात्यातील एका समारंभात दुसऱ्याच एका पथकातील मुलाच्या फेट्याचा शेमला पेटताना मी पाहिला. फेटा भाड्याने आणलेला आणि कृत्रिम धाग्याचा असल्यामुळे तो नुसता जळला नाही, तर वितळून मानेला चिकटला. जवळ पाण्याची बादली नव्हती, आणि धावून आलेल्या पाहुण्यांपैकी दोघांनी तर टूथपेस्ट लावण्याचा सल्ला दिला. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे, बर्फ किंवा पेस्ट लावू नये, चिकटलेले कापड ओढून काढू नये, हे त्या दिवशी तिथे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही. त्यानंतर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. त्याचे कारण सर्वस्वी वेगळे असले, तरी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूने उठणाऱ्या त्या ज्वाळा ज्यांनी पाहिल्या, त्या कोल्हापूरकरांना मंडपाच्या झालरीजवळ काडी ओढलेलीही आता खपत नाही.

पथकाचे वस्ताद सायंकाळी साडेपाचलाच लॉनवर आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मूठभर वाळके गवत हवेत उडवून वारा कोणत्या दिशेला आहे ते पाहिले. आम्ही रिंगण व्यासपीठासमोर आखले होते; ते त्यांनी सरळ मोडीत काढले. वारा व्यासपीठाकडे वाहत होता, मागचा पडदा कृत्रिम कापडाचा होता आणि फेब्रुवारीतले लॉनचे गवत कडेला वाळलेले होते. रिंगण मोकळ्या बाजूला गेले, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपुढे दहा पावलांवर दोर बांधला गेला आणि आतील गवतावर दोन बादल्या पाणी शिंपडले गेले. मुलांसाठी आणलेले फुगे गॅसचे आहेत का, हेही त्यांनी विचारले. फुगे तोंडाने फुगवलेले निघाले. फोम स्प्रेचे डबे मात्र त्यांनी गोळा करून घेतले, कारण त्या डब्यांतला फेस बाहेर ढकलणारा वायू बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. खुद्द आयोजकांपैकी एकाच्याही डोक्यात ही गोष्ट आली नव्हती.

कपड्यांची तपासणी मला सर्वांत आवडली. प्रत्येक मुलाचा सदरा आणि सुरवार सुती होती, फेटे शेमला आत खोचून बांधले होते आणि दोन मुलींच्या वेण्या फेट्याखाली घट्ट गुंडाळल्या होत्या. बनाटीच्या टोकांना चिंध्या तारेने गुंडाळण्याची जुनी रीत त्यांनी सोडली आहे. चिंधी जळून सैल होते आणि फिरवताना पेटता तुकडा सुटून रांगेत जाऊन पडतो, म्हणून केव्हलार या सहज न जळणाऱ्या धाग्याची पट्टी बोल्टने आवळून बसवलेली होती. रॉकेलमध्ये बुडवलेले टोक लगेच न पेटवता आधी डब्यातच झटकून निथळवायचे, मग डब्याला झाकण लावून तो रिंगणापासून लांब न्यायचा, आणि त्यानंतरच मशालीजवळ यायचे, असा क्रम होता. पेट्रोल मिसळले की जाळ मोठा दिसतो, म्हणून काही हौशी मंडळी ते वापरतात. पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत लांबवर जाते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंशांच्या वर तापावे लागते. अर्थात वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला डबा तेवढा तापू शकतो, त्यामुळे रॉकेलही उन्हात ठेवू नये, हे वस्तादांचे म्हणणे मला पटले.

तोंडातून जाळ काढण्याचा प्रकार आमच्या समितीतील एका मित्राला हवाच होता. वस्तादांनी शांतपणे नकार दिला. “जाळ ज्या वाटंनं भाईर जातो, त्याच वाटंनं आत बी येतो, साहेब. आमच्यात त्ये बंद हाय.” मित्र नाराज झाला आणि मग ही आग कसली, ही तर दिवाळीच, असे पुटपुटला. वैद्यकीयदृष्ट्या वस्तादांचे बोलणे अक्षरशः खरे आहे. रॉकेल पातळ असल्याने त्याचा थोडासा घोटही श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांना गंभीर सूज आणू शकतो, आणि चुकून गिळले गेल्यास उलटी करवणे हा घरगुती उपाय तर अधिकच घातक ठरतो. पैसे मिळत असूनही ज्याने नाही म्हटले, त्या पथकावर माझा विश्वास बसला तो त्याच क्षणी.

आता उणिवा. खेळणाऱ्या प्रत्येकामागे ओले सुती टॉवेल घेऊन एक राखण करणारा उभा होता, शिवाय एक फायर ब्लँकेट आणि पावडरचे एक अग्निशामक होते. ही व्यवस्था उत्तम असली, तरी राखण करणाऱ्या त्या चौघांपैकी एक जण मधली दोन-तीन मिनिटे मोबाईलवर चित्रीकरण करत होता, आणि त्या वेळात त्याचा टॉवेल खांद्यावर नुसता लटकत होता. खेळ थांबवण्याची खूण म्हणून शिट्टी ठरली होती. हलगी आणि घुमक्याच्या कडकडाटात ती मला दहा पावलांवर ऐकू आली नाही, मग गरगर फिरणाऱ्या पोराला कशी ऐकू येणार? तिसरी त्रुटी अधिक गंभीर वाटते. विझवलेल्या बनाट्या रिंगणाच्या कडेला उघड्यावरच ठेवल्या होत्या. ज्योत दिसत नसली तरी टोके धगधगीत तापलेली होती, आणि दोर सोडताच एक पाच-सहा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे धावला. त्याच्या आईने त्याला वेळीच दंडाला धरून मागे ओढले. बनाट्या निवेपर्यंत पत्र्याच्या पेटीत ठेवल्या असत्या, तर हा प्रसंगच आला नसता. कार्यक्रमानंतर मी या तिन्ही गोष्टी वस्तादांना सांगितल्या. त्यांनी कोणतीही सबब न सांगता त्या मोबाईलवाल्या पोराला तिथेच बोलावून घेतले; पुढचे संभाषण इथे लिहिण्यासारखे नाही.

बिदागी १८,००० रुपये झाली आणि अनामत म्हणून निम्मी रक्कम आधी द्यावी लागली. याहून स्वस्तात येणारी पथके शहरात आहेत. पथक ठरवण्यापूर्वी दर विचारण्याआधी टॉवेल धरून कितीजण येणार, इंधन कोणते आणि फेटे कशाचे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. वस्ताद उत्तर द्यायला कंटाळले, तर दुसरे पथक पाहावे. लॉनच्या व्यवस्थापकाने रॉकेल सांडून पिवळ्या पडलेल्या गवतापोटी लॉनसाठी भरलेल्या आमच्या अनामतीतून १,५०० रुपये कापून घेतले. त्यातले निम्मे पैसे आम्ही न मागताच पथकाने आठवड्याभरात परत केले.