‘ताई, तुमचा दुसरा हप्ता अडकलाय’

12 ऑगस्ट 2024. श्रावणातला दुसरा सोमवार. नागपंचमीला माहेरी आले होते, ती अजून तिथेच होते. आईचा उपास होता आणि ती ओट्यापाशी बाळासाठी मोड आलेली नाचणी सुकत घालत होती. बाळ नुकतंच सहा महिन्यांचं झालं होतं, उष्टावण पंचमीच्या दुसऱ्या दिवशीच झालं. मी त्याला मांडीवर घेऊन थोपटत होते. तेवढ्यात आशाताईंचा, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेचा, फोन आला.

हे आधीच सांगते, कारण यातच सगळं आलं. फोन अनोळखी नंबरवरून आला नव्हता. ज्या बाईंनी माझ्या पहिल्या तपासणीपासून बाळाच्या पेंटा लसीच्या तिसऱ्या डोसपर्यंत सगळं केलं, त्यांच्या नंबरवरून आला होता. त्या म्हणाल्या, “अगं, जिल्ह्यावरून साहेबांचा फोन आहे. मातृवंदनेचा दुसरा हप्ता अडकलेल्या बायकांची यादी आलीय, त्यात तुझं नाव आहे. त्यांना लाइनवर घेते, ते सांगतात तसं कर.”

माझं सासर कागदावर एका गावात, आणि प्रत्यक्षात आम्ही चाकणला एका खोलीत भाड्याने राहतो. नवरा एमआयडीसीत कामाला. आधार, रेशनकार्ड सगळं अर्धवट बदललेलं, म्हणून गरोदरपणाची नोंद माहेरच्याच गावात केली. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं लहान गाव आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म आशाताईंनीच भरून घेतला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, पहिल्या बाळाला या योजनेत 5,000 रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाली की 3,000, आणि बाळाच्या जन्माची नोंद होऊन पहिल्या टप्प्यातल्या लसी पूर्ण झाल्या की 2,000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 एकदम. आईला या दिवसांत नीट खाता यावं, थोडा आराम मिळावा, मजुरी बुडाली तर आधार असावा, म्हणून हे पैसे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यातच याची तरतूद आहे. माझे 3,000 डिसेंबरमध्ये आले होते. त्यातून खारीक, खोबरं, डिंक आणि रोजची दोन अंडी आली. आईने त्याचा हिशेब कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. दुसऱ्या हप्त्याची मी जूनपासून वाट बघत होते.

शिवाय ते दिवसच तसे होते. लाडकी बहीणचे जुलै-ऑगस्टचे मिळून 3,000 रक्षाबंधनाआधी जमा होणार, म्हणून गावोगाव बायका आधार लिंक झालं का, केवायसी झाली का हेच विचारत बँकेच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मीही जुलैमध्ये पोस्टात नवीन खातं काढलं होतं, कारण तिथे आधार लगेच जोडून मिळतं असं सगळे म्हणत होते. त्यामुळे ‘खात्यात अडचण आहे’ हे वाक्य त्या महिन्यात कुणालाही खरं वाटलं असतं.

लाइनवर आलेला माणूस शुद्ध मराठी बोलत होता. घाई नाही, दरडावणं नाही. “नमस्कार ताई. बाळाची जन्मतारीख 2 फेब्रुवारी ना? मुलगा आहे. चौदा आठवड्यांची लस मे महिन्यात झाली. बरोबर?” सगळं बरोबर होतं. मला वाटलं, एवढं सरकारकडेच असणार. ते त्याच्याकडे कसं पोचलं हे मला नंतर कळलं. दहा मिनिटं आधी त्याने आशाताईंना फोन करून ‘दुसरा हप्ता बाकी असलेल्या लाभार्थींची नावं वाचा, ऑनलाइन ताळा करायचाय’ म्हटलं होतं, आणि त्यांनी आपल्या डायरीतून पाच बायकांची माहिती वाचून दाखवली होती. त्याने आमचंच आम्हाला वाचून दाखवलं.

मग म्हणाला, “आधी आपण तुमचं खातं चालू आहे का बघू. मी एक रुपया पाठवतो.” आला एक रुपया. माझ्या यूपीआय अ‍ॅपमध्ये टिंग वाजलं. नाव कुठल्यातरी माणसाचं होतं, पण तो म्हणाला की ते नोडल अधिकाऱ्यांचं खातं आहे. “आता त्याच नोंदीवर जा. खाली पेचं बटण दिसेल, ते फक्त फॉरमॅट आहे. रकान्यात तुमचा लाभार्थी कोड टाका. लिहून घ्या, चार, नऊ, नऊ, आठ.”

मी स्पीकरवर होते. बाळ जागं होऊन कुरकुरायला लागलं होतं. आशाताई मधूनच म्हणत होत्या, “टाक गं, टाक, बाकीच्यांचंही करायचंय.” मी 4998 टाकलं. त्या आकड्याच्या आधी रुपयाचं चिन्ह होतं. ते मला दिसलं. दिसूनही मी त्याला कोडच समजले, कारण तो कोड म्हणत होता. त्याने पिन विचारला नाही. “पिन मला सांगू नका हं ताई, कुणालाच सांगायचा नसतो. तुमचा तुम्ही टाका,” असं त्यानेच वर बजावलं. त्या वाक्याने माझा उरलासुरला संशय गेला. पिन टाकला. 4,998 रुपये गेले.

मी म्हटलं, अहो, पैसे वजा झाले. तो अजिबात गडबडला नाही. “कोड चुकला असेल. काही हरकत नाही, रिव्हर्स कोड देतो. दोन मिनिटांत हे आणि हप्त्याचे 2,000 एकत्र जमा होतील. पण कॉल कट करू नका, कट झाला तर फाइल बंद होते. लिहा, एक, तीन, पाच, शून्य, दोन.” मी तेही टाकलं. 13,502.

18,500 गेले. खोली बदलायची होती, बाळ रांगायला लागण्याआधी जरा मोठी, हवेशीर खोली घ्यायची होती. तिच्या डिपॉझिटसाठी नवऱ्याने ओव्हरटाइम करून साठवलेले पैसे माझ्या खात्यात होते. त्यातले आता तीनशे-चारशे उरले. तो तिसरा कोड सांगायला लागला तेव्हा मी म्हटलं, खात्यात काही नाही. तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज बदलला. “घरात दुसऱ्या कुणाचा फोन आहे का? आईचा?” माझ्या पोटात गोळा आला. मी फोन ठेवला.

यानंतर मी जे केलं ते कुणीही करू नका, म्हणून मी हे लिहितेय. मी गप्प बसले. आईला सांगितलं नाही, ती उपाशी होती. नवऱ्याला सांगितलं नाही, तो शिफ्टवर होता. तो नंबर परत परत लावत राहिले. दुपारी एक ते रात्री नऊ, आठ तास. रात्री नवऱ्याचा फोन आला आणि मला बोलताच येईना, तेव्हा सगळं बाहेर आलं. तो एकदाही ओरडला नाही. “1930 ला लाव, आत्ता लाव,” एवढंच म्हणाला. त्या रात्री तो नंबर लागायला बराच वेळ गेला. शेवटी रात्री साडेदहाच्या पुढे तक्रार नोंदली गेली.

1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक, रक्कम, वेळ आणि माझी बँक हे सगळं विचारलं. ही माहिती अ‍ॅपमध्ये व्यवहारावर बोट ठेवलं की दिसते, तिचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला निरोप जातो आणि तिथे जेवढे शिल्लक असतील तेवढे गोठवतात. जेवढे शिल्लक असतील तेवढेच. आठ तासांत माझे पैसे तीन खात्यांतून फिरून बहुतेक एटीएममधून निघून गेले होते. 4,100 रुपये तेवढे सापडले. ते परत हातात यायला कोर्टाचा आदेश लागला आणि त्यात कित्येक महिने गेले. बाकीचे गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, “पिन तुम्हीच टाकला ना?” नियम त्याच्या बाजूने होता. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक सांगत होतं की ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे बँकेला ताबडतोब कळवण्यालाही किंमत आहे, मग पैसे परत मिळोत की न मिळोत. पण ज्या स्वरात तो प्रश्न विचारला गेला त्या स्वराच्या भीतीनेच बायका बँकेत जात नाहीत, हेही मला सांगायचं आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. मी तिथे उभी राहून ती घेतली.

आता आशाताईंबद्दल.

गावात दोन दिवसांत बातमी पसरली आणि लोकांनी सगळा राग त्यांच्यावर काढला. कुणी म्हणालं त्या सामील आहेत, कुणी म्हणालं कमिशन मिळालं असेल. मला हे फार लागलं. ज्या बाईला दिवसातून दहा वेळा वरून फोन येतो, ‘अमुक एन्ट्री बाकी आहे, आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर नाव वर जाईल’, तिने अकराव्या फोनवर शंका घ्यायची कशी? तिला पगार नाही, मानधन आहे, कामागणिक मोबदला आहे. साहेबांना उलट विचारायची सवयच तिला कुणी लागू दिलेली नाही. चोराने नेमकं हेच हेरलं होतं. आधी माझ्याकडे न येता तो त्यांच्याकडे गेला, कारण त्यांच्या शब्दावर आम्ही बायका सुई टोचून घेतो, गोळ्या घेतो, बाळ त्यांच्या हातात देतो. त्याला चोरायचा होता तो हा विश्वास. तो मिळाल्यावर पैसे काय, आपोआप मिळाले.

त्या दिवशी माझा फोन बंद झाल्याबरोबर त्यांना काहीतरी चुकल्याचं लक्षात आलं. तो माणूस पुढच्या बाईला लाइनवर घ्यायला सांगत होता, त्यांनी फोन कापला आणि उरलेल्या चौघींच्या घरी भर उन्हात चालत गेल्या. एकीला त्याचा थेट फोन येऊन गेला होता, पण तिच्याकडे साधा फोन होता. बाकीच्या तिघी वाचल्या. संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या तेव्हा पदराच्या टोकाला चार पाचशेच्या नोटा बांधलेल्या होत्या. म्हणाल्या, “तुझे दोन हजार तरी माझ्याकडून घे.” मी आत पाळण्यापाशी होते, कुणाशी बोलायची हिंमत नव्हती, तरी उठून आले आणि त्या नोटा त्यांच्या मुठीत परत दाबल्या. आईला तोवर काही माहीत नव्हतं. मीच काही बोलू नका म्हणून त्यांना खूण केली. आज वाटतं, तेव्हाच त्या दोघींसमोर सगळं बोलले असते तर चार तास वाचले असते.

माझ्या मैत्रिणींनो, आणि तुमच्या भागातल्या आशाताईंनो, अंगणवाडी सेविकांनो, हे नीट ऐका. सरकारी हप्ता खात्यात यायला तुम्हाला फोनवर काहीही करावं लागत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पे दाबून पिन टाकला की पैसे जातातच, समोरचा त्याला कोड म्हणो, फॉरमॅट म्हणो, नाहीतर पडताळणी म्हणो. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेचं अ‍ॅप म्हणून फाइल पाठवली तर ती उघडू नका. आणि ओळखीच्या बाईंनी साहेबांना लाइनवर घेतलं, तर त्यांना एवढंच म्हणा, “ताई, फोन ठेवा, तुम्ही घरी या, नाहीतर मी केंद्रावर येते.” खरं काम असेल तर ते उद्याही होतं. आमच्या गावात आता हाच नियम आहे.

आणखी एक. हे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यातच येतील असं धरून बसू नका. ते तुमच्या आधारशी जे खातं सध्या जोडलेलं आहे तिथे जातात, आणि आधार एका वेळी एकाच खात्याशी या कामासाठी जोडलेलं असतं. नवीन ठिकाणी जोडलं की जुनं सुटतं. कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर आपल्याच मोबाइलवर ओटीपी घेऊन बघता येतं.

हे मला कसं कळलं तेही सांगते. रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी, 20 तारखेला, पोस्टमनकाका गावात आले. लाडकी बहीणचे पैसे जमा झाले होते आणि पारावर बायकांची रांग लागली होती. वडिलांनी ढकलून मला पाठवलं. मी अंगठा ठेवला. काकांनी मशीनकडे बघितलं आणि विचारलं, “पाच हजार आहेत. किती काढू?”

मी म्हटलं, तीन असतील. त्यांनी छोटी पट्टी छापून हातात दिली. 3,000 ची नोंद होती, आणि तिच्या खाली आधीची एक नोंद, 8 ऑगस्टची, 2,000 रुपये. जुलैत आधार पोस्टाच्या खात्याला जोडलं होतं, म्हणून हप्ता तिथे आला. खातं काढताना मोबाइल नंबर वडिलांचा दिला होता. त्यांच्या साध्या फोनवर मेसेज येऊन पडला होता, तो कुणी उघडलाच नव्हता.

त्या माणसाचा फोन यायच्या चार दिवस आधीच माझा दुसरा हप्ता जमा झाला होता.

मी पट्टी घेऊन तशीच आशाताईंकडे गेले. त्या दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी पट्टी दोनदा वाचली, तारखेवर बोट ठेवून. मग आत जाऊन डायरी आणली आणि उरलेल्या चौघींच्या नावापुढे लिहिलं : पोस्टाचं खातं बघणे.