जवळच्या छायाचित्रणासाठी जुनी लेन्स: ५५ मिलिमीटर, ९० मिलिमीटर की उलटी लावलेली साधी लेन्स?

मराठवाड्यात जवळचे छायाचित्रण करू पाहणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आढळतात. पहिला वर्ग बांधावर आणि वावरात रमणारा असतो. कापसावरचा मावा, तुडतुडे, ढालकिडे आणि मृगाच्या सरींनंतर जमिनीवर येणारे लाल मखमली किडे हे त्याचे विषय होत. दुसरा वर्ग घरात टेबलावर काम करतो. संग्रहातील जुनी नाणी, पैठणीचा पदर, हिमरूचे विणकाम, बियाण्यांचे नमुने किंवा वाळवून जपलेली पाने त्याला टिपायची असतात. नवी मॅक्रो लेन्स महाग पडते म्हणून दोघेही फिल्मच्या काळातील हाताने फोकस करायच्या लेन्सकडे वळतात आणि दोघांनाही सर्रास एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे ‘जुनी ५५ मायक्रो निक्कॉर (निकॉनची ५५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स) घ्या’. हा सल्ला दुसऱ्या वर्गासाठी उत्तम असला, तरी पहिल्यासाठी बहुतेक वेळा गैरसोयीचा ठरतो. कारण लेन्सच्या दर्जापेक्षा विषयाचा आकार आणि विषय व लेन्स यांच्यात उरणारे अंतर या दोन गोष्टींनी निवड ठरते.

आकाराचा हिशेब सोपा आहे. १:१ म्हणजे विषयाची सेन्सरवर पडणारी प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी, तर १:२ म्हणजे निम्मी. निकॉनच्या सामान्य एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे १:२ वर चौकटीत साधारण ४७ मिलिमीटर रुंदीचा भाग मावतो. रुपयाचे नाणे, पदरावरची मोराची नक्षी किंवा सोयाबीनच्या शेंगा यांसाठी एवढे पुरेसे आहे. एक सेंटिमीटरचा मृगाचा किडा मात्र १:२ वर चौकटीचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो, आणि मिलिमीटरभर लांबीची पांढरी माशी १:१ वरसुद्धा ठिपक्याहून फारशी मोठी दिसत नाही. जुन्या मॅक्रो लेन्सपैकी बऱ्याच १:२ वरच थांबतात, हे विकत घेण्यापूर्वी माहीत असलेले बरे. ७०-२१० सारख्या जुन्या झूम लेन्सवरही ‘मॅक्रो’ असे कोरलेले असते, पण त्यांपैकी बहुतेकींची मजल १:४ च्या आसपास संपते. त्या या तुलनेत धरलेल्या नाहीत.

५५ मिलिमीटर: निक्कॉरच्या दोन पिढ्या

मायक्रो-निक्कॉरचा उगम कागदपत्रांच्या चित्रणात आहे. १९५६ मध्ये निकॉनने ५ सेंटिमीटर एफ ३.५ ची (‘एफ’चा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो) पहिली मायक्रो-निक्कॉर काढली, ती मुख्यतः जपानी लिपीतील गुंतागुंतीची अक्षरे मायक्रोफिल्मवर स्वच्छ उतरावीत म्हणून. निकॉन एफ कॅमेऱ्यासाठीची ५५ मिलिमीटर एफ ३.५ ही १९६१ मध्ये आली आणि वेगवेगळ्या रूपांत पुढे सुमारे दोन दशके बनत राहिली. सपाट पृष्ठभाग काठापासून काठापर्यंत एकसारखा स्पष्ट उतरवणे हा या घराण्याचा मूळ गुण आहे. म्हणूनच नाणे, ताम्रपटाचा ठसा, कापडाची वीण किंवा जुन्या पोथीचे पान यांसाठी आजही तिच्याहून जास्त खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

१९७९ पासूनची ५५ मिलिमीटर एफ २.८ ही कागदावर सरस आहे. तिच्यात जवळच्या अंतरासाठी काचांच्या गटांमधील अंतर बदलण्याची सोय आहे, व्ह्यूफाइंडर अधिक उजळ दिसतो आणि दूरच्या दृश्यांसाठीही ती चांगली चालते. परंतु तिची एक खोड सर्वज्ञात आहे: फोकसच्या आट्यांमधील वंगणाचे तेल हळूहळू सुटून प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येते, पाती चिकटतात आणि निवडलेले अ‍ॅपर्चर वेळेवर बसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणाऱ्या आणि उन्हात उभ्या गाडीत कॅमेऱ्याची बॅग राहून जाण्याची शक्यता असलेल्या आपल्या भागात ही खोड गंभीरपणे घ्यावी लागते. ही लेन्स खोलून साफ करणारा कुशल कारागीर प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेलच असे नाही, आणि पुण्या-मुंबईला पाठवण्याचा खर्च लेन्सच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो. म्हणून दोन्हींची किंमत जवळपास सारखी असेल तर मी एफ ३.५ घ्यावी असे सुचवेन. जवळच्या कामात आपण अ‍ॅपर्चर एफ ८ किंवा एफ ११ वर नेणारच असतो, त्यामुळे एफ २.८ चा फायदा बव्हंशी फोकस करतानाच्या उजेडापुरता उरतो.

एफ ३.५ ची १९६१ मधली सुरुवातीची आवृत्ती सोडल्यास दोन्ही लेन्स स्वतःच्या बळावर १:२ पर्यंतच जातात. १:१ साठी २७.५ मिलिमीटर लांबीची एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लागते. एआय पद्धतीच्या (निवडलेले अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला कळवणाऱ्या, १९७७ पासूनच्या) लेन्ससाठी तिचे नाव पीके-१३ आहे. विक्रेता ट्यूबसह देत असेल तर सौद्यात तिला वेगळी किंमत आहे, हे लक्षात ठेवावे. याच गटात ऑलिम्पसची झुइको ५० मिलिमीटर एफ ३.५ आणि कॅननची एफडी ५० मिलिमीटर एफ ३.५ याही येतात. दर्जाने त्या कमी नाहीत, पण निकॉनच्या डीएसएलआरवर त्या सरळ बसत नाहीत.

बांधावरची अडचण १:१ वर सुरू होते. तेथे ५५ मिलिमीटरच्या लेन्सच्या तोंडापासून विषयापर्यंत जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर अंतर उरते. नाणे कुठे पळत नाही, परंतु ढालकिडा पळतो, चतुर उडतो, आणि लेन्सची सावली विषयावर पडल्याने फ्लॅशचा प्रकाश कोठून आणावा हा प्रश्न उभा राहतो.

९० ते १०५ मिलिमीटर: बांधावरच्या कामासाठी

या गटातील लेन्स तेवढेच मोठे चित्र जास्त अंतरावरून देतात. टॅमरॉनची एसपी ९० मिलिमीटर एफ २.५ ही १९७९ मध्ये आली. १:२ वर तिच्या तोंडापुढे वीस सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते, आणि तेवढ्यात फुलपाखरू बिचकण्याची शक्यता बरीच कमी होते. तिचा दुसरा मोठा गुण म्हणजे अ‍ॅडाप्टॉल-२ ही माउंट बदलण्याची पद्धत: मागची कडी बदलली की तीच लेन्स निकॉन, पेंटॅक्स किंवा ऑलिम्पसवर बसते. अर्थात ती कडी सोबत आहे का आणि आपल्या कॅमेऱ्याची आहे का, हे आधी विचारावे. कडी वेगळी शोधण्यात बराच वेळ आणि पैसा जातो.

व्हिव्हिटार सिरीज १ ची ९० मिलिमीटर एफ २.५ हीसुद्धा १:२ पर्यंत जाते आणि १:१ साठी तिच्याकरिताच बनवलेला काचेचा जोड लागतो. जोडाविना मिळालेल्या लेन्सला पूर्ण संचाचा भाव देऊ नये. व्हिव्हिटार स्वतः लेन्स बनवत नसे, इतरांकडून बनवून घेत असे, आणि अनुक्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवरून निर्माता ओळखता येतो: ३७ म्हणजे टोकिना, २८ म्हणजे कोमिने आणि २२ म्हणजे किरॉन. ही ९० मिलिमीटर एफ २.५ टोकिनाची आहे, आणि टोकिनाने तीच रचना स्वतःच्या एटी-एक्स नावानेही विकली. नाव पाहून दोन्हींच्या भावांत फरक पडतो, चित्रात फारसा पडत नाही.

कोणत्याही जोडाशिवाय थेट १:१ हवे असेल तर किरॉनची १०५ मिलिमीटर एफ २.८ पाहावी. दातांच्या डॉक्टरांसाठी हीच लेन्स लेस्टर डाइन या नावानेही विकली जात असे. ती जड आहे आणि भारतात क्वचितच दिसते, पण किड्यांच्या मागे लागणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती तीच आहे. ती न मिळाल्यास टॅमरॉन आणि एक साधी ट्यूब. या गटाची किंमत ५५ मिलिमीटरपेक्षा बहुधा जास्त पडते आणि हात हलल्याचा परिणामही अधिक दिसतो, म्हणून फ्लॅशचा खर्च याच हिशेबात धरावा.

फ्लॅशचा मुद्दा तिन्ही पर्यायांना लागू आहे. लेन्स जसजशी पुढे सरकते तसतसा सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश घटतो. १:१ वर दोन स्टॉपचे नुकसान होते, म्हणजे प्रकाश चौथाई उरतो आणि एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ सारखे वागते. फुल-फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) नेहमीच्या मापाने १:१ आणि एफ ८ वर स्पष्ट दिसणारी खोली अवघी एक मिलिमीटर असते. ती वाढवण्यासाठी अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत बारीक केल्यास विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ होते. किड्याचे डोळे स्पष्ट आले तर बाकी धूसर चालते, हे एकदा मान्य केले की काम सुसह्य होते.

उलटी लेन्स आणि एन्लार्जरची लेन्स

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे घरात असलेली किंवा जुन्या स्टुडिओतून मिळणारी साधी लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी लावणे. ५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावल्यास सुमारे १:१, तर २८ मिलिमीटरची लावल्यास २:१ हून थोडे अधिक मिळते, आणि मध्ये ट्यूब घातल्यास त्याहूनही पुढे जाता येते. पांढरी माशी, फुलकिडे किंवा बोंडअळीची अंडी टिपायची असतील तर वरील दोन्ही गटांतील महागड्या लेन्सपेक्षा हा उपाय अधिक उपयोगी पडतो. मात्र लेन्सला अ‍ॅपर्चरची स्वतंत्र कडी हवीच. कडी नसलेल्या नव्या लेन्सवर अ‍ॅपर्चर हवे तिथे ठेवणे जिकिरीचे होते. या मांडणीत विषय ठरावीक अंतरावरच स्पष्ट दिसतो, त्यामुळे फोकस करण्यासाठी कॅमेराच मागेपुढे न्यावा लागतो. वाऱ्याच्या दिवशी कापसाच्या झाडावर हे काम चिकाटीची परीक्षा पाहते; पान तोडून सावलीत आणणेच सोयीचे.

अंधारखोली बंद झालेल्या स्टुडिओंत ईएल-निक्कॉर, कॉम्पोनॉन किंवा रोडागॉन यांसारख्या एन्लार्जरच्या, म्हणजे फिल्मवरून मोठे छायाचित्र छापण्याच्या यंत्राच्या, लेन्स अडगळीत पडलेल्या असू शकतात. त्या मुळातच जवळच्या अंतरासाठी घडवलेल्या असतात आणि सपाट विषयावर फार स्वच्छ चित्र देतात, पण त्यांना स्वतःची फोकस यंत्रणा नसते. बेलोज किंवा हेलिकॉइड ट्यूब (लेन्स मागेपुढे सरकवणारे जोड) जोडायची तयारी असेल तरच त्यांचा विचार करावा.

आपल्या कॅमेऱ्यावर काय बसेल

मिररलेस कॅमेऱ्यात माउंट आणि सेन्सरमधील अंतर कमी असते. सोनी ई मध्ये ते १८ मिलिमीटर आहे, तर जुन्या निकॉन एफ मध्ये ४६.५. त्यामुळे मिररलेसवर साध्या पोकळ अ‍ॅडाप्टरने एन्लार्जरच्या सोडून या लेखातली कोणतीही लेन्स लागते आणि चित्र मोठे करून फोकस पाहता येतो. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांवर जुनी निक्कॉर बसते, पण प्रकाशमापन चालत नाही, म्हणून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहून एक्स्पोजर ठरवावे लागते. डी७००० मालिकेवर (डी७५०० वगळता) मापन चालते, परंतु १९७७ पूर्वीची, एआय न केलेली लेन्स तेथे जबरदस्तीने बसवल्यास कॅमेऱ्याचा खटका मोडू शकतो.

एम४२ ची (जुन्या, आट्यांनी बसणाऱ्या माउंटची) लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावताना विक्रेते काच असलेला अ‍ॅडाप्टर पुढे करतात, कारण त्याशिवाय दूरचा फोकस मिळत नाही. जवळच्या कामाला दूरचा फोकस लागतच नाही. बिनकाचेचा स्वस्त अ‍ॅडाप्टर घ्यावा; चित्रही त्याचेच चांगले येते.

हातात घेऊन काय पाहावे

मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च लावून लेन्समधून तिरके पाहावे. मुळांसारख्या बारीक तंतूंची जाळी दिसली तर ती बुरशी आहे, आणि दुधासारखा धूसर थर दिसला तर तोही टाळण्यासारखा दोष आहे. धुळीचे दोन-चार कण किंवा पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही, उलट भाव उतरवायला उपयोगी पडतो. मुंबई, कोकण किंवा कोलकात्याच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी. आपल्याकडील कोरड्या हवेत बुरशीची वाढ मंद असते, पण काळ्या मातीची धूळ आट्यांत शिरते, म्हणून फोकसची कडी फिरवताना खरखर जाणवते का हे पाहावे.

अ‍ॅपर्चरची पाती कोरडी असावीत आणि मागचा खटका सोडताच ती झटकन मिटावीत. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे टॉर्च लावून काढलेले छायाचित्र आणि पाती हलतानाचा छोटा व्हिडिओ मागावा. जपानी विक्रेते ‘एक्सलंट’ या शब्दापुढे अधिकच्या चिन्हांची रांग लावतात, पण त्या रांगेपेक्षा खालच्या वर्णनात बुरशी आणि धूसरपणा यांबद्दल काय लिहिले आहे तेच महत्त्वाचे असते. परदेशातून येणाऱ्या लेन्सवर सीमाशुल्क व कर लागतात. ते मिळवल्यावर बऱ्याचदा देशातल्याच, थोडी महाग वाटणाऱ्या आणि हातात घेऊन पाहता येणाऱ्या लेन्सचा सौदा परवडतो.