लहान मुलासाठी जलतरण संघ: हंगामी संघ, वर्षभराचा क्लब की अजून बॅचच बरी?

संघाची चौकशी करण्याआधी मुलाला खरोखर किती पोहता येतं ते बघून घ्या. चेहरा पाण्यात ठेवून, मान बाजूला वळवून श्वास घेत न थांबता 25 मीटर फ्रीस्टाइल. तेवढंच अंतर पाठीवर. आणि खोल पाण्यात उडी मारून वर आल्यावर कशालाही न धरता मिनिटभर तरंगणं. एवढं जमत असेल तर संघाचा विचार करावा. डोकं वर काढून कसाबसा पलीकडचा काठ गाठला, तर ते यात धरू नका. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, मूल पाण्यात तिरकं होतं आणि पाय सायकल चालवल्यासारखे फिरायला लागतात. संघाच्या लेनमध्ये आठ-दहा मुलं असतात. तिथे अशी सवय सुटत तर नाहीच, उलट पक्की होते. अशा मुलाला चार-पाच जणांच्या बॅचमध्ये आणखी काही महिने द्या. नऊ-दहाव्या वर्षी संघात आलेलं मूल मागे पडलं असं अजिबात होत नाही.

हंगामी संघ आणि वर्षभराचा क्लब

हंगामी संघ साधारण दोन-तीन महिने चालतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस, पाऊण तास पाण्यात, शेवटी खेळीमेळीच्या स्पर्धा आणि भरपूर रिले. मुलाला संघात असण्याची गोडी लागते आणि पालकांवरही वर्षभराचं बंधन येत नाही. अडचण तंत्राची. हंगाम छोटा, स्पर्धा जवळ, त्यामुळे चुका दुरुस्त करायला वेळ उरत नाही. लहानांना बऱ्याचदा संघातलीच मोठी मुलं शिकवतात. ती प्रेमाने शिकवतात, पण चूक नेमकी कुठे होते हे ओळखायची नजर अजून तयार झालेली नसते. हंगामानंतर सात-आठ महिने पाण्याशी संबंध सुटला तर पुढच्या वर्षी निम्मा वेळ जुनं आठवण्यातच जातो.

वर्षभराच्या क्लबात वयापेक्षा तयारीनुसार गट असतात. सगळ्यात लहान गटाला आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. चारही स्ट्रोक म्हणजे पोहण्याच्या पद्धती, स्टार्ट म्हणजे सुरुवातीचा सूर, टर्न म्हणजे भिंतीपाशी वळणं, असं सगळं क्रमाने येतं. मात्र दिवस वाढवण्याचा आग्रहही इथेच जास्त होतो. सात वर्षांच्या मुलाला पाच-सहा दिवस बोलावत असतील, तर तो क्लब मुलाचा नव्हे, निकालाचा विचार करतो आहे. इतक्या लवकर एकाच खेळाला जुंपलं की खांदे दुखावतात आणि मन विटतं. स्पर्धेच्या दिवसाचाही हिशोब धरा: मिनिटभराच्या शर्यतीसाठी अर्धा दिवस तलावावर जातो, आणि वेळ नोंदवायला पालकांनाच उभं राहावं लागतं.

शाळेचा संघ हा तिसरा पर्याय, पण तो बहुतेक वेळा स्पर्धेच्या तोंडावर, आधीच पोहता येणाऱ्या मुलांमधून निवडतात. शिकण्यासाठी त्यावर विसंबू नये.

लहानांची लेन बघा

भिंतीवरच्या ढाली आणि पदकं मोठ्या मुलांची असतात. तुमचं मूल ज्या लेनमध्ये जाणार, ती नेहमीच्या दिवशी पूर्ण वेळ बसून बघा. समजा लेनमध्ये दहा मुलं आहेत आणि प्रत्येकाला 25 मीटरला 40 सेकंद लागतात. प्रशिक्षक एकेकालाच सोडत असेल तर एका फेरीला 400 सेकंद जातात, म्हणजे 40 मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला सहा फेऱ्या, 150 मीटर. बाकी वेळ काठाला धरून कुडकुडणं. तीच मुलं दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडली, तर शेवटचं मूल 130 सेकंदांत पोचतं. सूचनांसाठी 50 सेकंद धरले तरी फेरी तीन मिनिटांत होते आणि तेवढ्याच वेळात 13 फेऱ्या, 325 मीटर होतात.

नुसते मीटर वाढून भागत नाही. प्रशिक्षक एका वेळी एकच गोष्ट सांगतो का आणि पुढच्या फेरीला ती झाली का हे बघतो का, याकडे लक्ष द्या. श्वासाला डोकं पुढे उचलणाऱ्या मुलाला ‘डोकं खाली’ असं दहादा ओरडून काही होत नाही. ‘कान हातावर टेकव, एक गॉगल पाण्यातच राहू दे’ असं सांगितलं की लगेच कळतं. ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे बेडकासारखं पोहताना, पावलं बाहेर वळतात का, हेही काठावरून दिसतं. एक पाय वेगळाच कात्रीसारखा फिरत असेल तर स्पर्धेत मूल बाद होतं, आणि ही चूक मोठेपणी सोडवणं फार जड जातं. लहानांच्या हातात पॅडल, म्हणजे पाणी जोरात ओढण्यासाठी तळव्याला लावायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या, दिलेली दिसली तर कारण विचारा. त्या वयाच्या खांद्यांना तो भार नको.

सुरक्षितता आणि पाणी

प्रशिक्षकाशिवाय वेगळा जीवरक्षक हवाच. प्रशिक्षकाची नजर स्ट्रोकवर असते, तळाकडे नसते. पाण्याखाली दम कोंडून कोण जास्त टिकतं असले खेळ चालत असतील, तर मुलाला तिथे घालू नका. जोरजोरात श्वास घेऊन मग दम रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. श्वास घ्यायची निकड जाणवत नाही आणि मूल आवाज न करता बेशुद्ध होतं. स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे शर्यतीत ज्यावरून सूर मारतात तो काठावरचा चौथरा, त्याच्या खालच्या पाण्याची खोलीही विचारा. स्पर्धेच्या तलावासाठी जागतिक जलतरण महासंघाने किमान 1.35 मीटर ठरवली आहे. नवशिक्याने त्याहून खोल पाण्यात, आधी काठावर बसून, मग गुडघ्यावरून, मग उभ्याने सूर शिकावा.

कपडे बदलायच्या खोलीचे नियम लेखी असावेत. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद जागेत राहणार नाही, हा त्यातला पहिला. पालकांना सराव बघू देत नाहीत, अशा ठिकाणी जाऊ नये.

स्पर्धेच्या तलावाचं पाणी 25 ते 28 अंशांचं असतं. मोठ्यांना ते बरं वाटतं, पण लहान मुलाच्या अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर काढतात का, ते बघा. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, हा गैरसमज आहे. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा तो वास. डोळे चुरचुरतात, खोकला येतो तोही त्यानेच. बंदिस्त तलावात हवा खेळती नसेल तर हा त्रास वाढतो.

ठरवताना

शहरात निम्मा निकाल अंतरावरच लागतो. जायला-यायला अर्धा-अर्धा तास, आधी-नंतर पंधरा-पंधरा मिनिटं आणि पाण्यात 45 मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. आठवड्यातून तीनदा धरले तर पावणेसात तास. त्यात झोप आणि जेवण मागे सरकतं.

म्हणून आमचा कल असा: वीस मिनिटांच्या आत वर्षभराचा क्लब असेल, लहानांची लेन अनुभवी प्रशिक्षकाकडे असेल आणि दोन दिवसांवर भागत असेल, तर तोच घ्या. यातलं एक जरी नसेल तर हंगामी संघ आणि उरलेलं वर्ष आठवड्यातून एकदा तंत्राची छोटी बॅच, ही जोडी लांबच्या नावाजलेल्या क्लबपेक्षा सरस ठरते.

पैसे भरण्याआधी दोन आठवडे चाचणी मागा. वरच्या गटात कशावर घेता, बुडालेला दिवस भरून देता का, वर्षातल्या किती स्पर्धा सक्तीच्या, आणि मध्येच सोडलं तर पैशांचं काय, हे चार प्रश्न त्याच वेळी विचारून उत्तरं लिहून घ्या.