आयकॉनच्या जागी चौकोन: आहे तो फॉन्ट दुरुस्त करायचा की एसव्हीजीवर जायचं?

साइट तुमच्या लॅपटॉपवर, तुमच्या क्रोममध्ये अगदी ठीक दिसते. मग क्लायंटचा फोन येतो: "अहो, फोन नंबरच्या आधी ते चिन्ह होतं ना, तिथे चौकोन येतोय. मेनूच्या जागीही तसंच." तुम्ही कॅश साफ करायला सांगता. चौकोन जात नाही. आता दोन वाटा उरतात. बिघडलंय तिथे डागडुजी करून आयकॉन फॉन्ट (अक्षरांच्या जागी चिन्हं असलेला फॉन्ट) तसाच ठेवायचा, किंवा एकदा बैठक मारून सगळे आयकॉन एसव्हीजीत, म्हणजे रेषा-आकारांनी लिहिलेल्या चित्रांत, न्यायचे. दोन्ही कामं मी केली आहेत, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन साइट असेल तर आयकॉन फॉन्ट घेऊच नका. जुनी असेल तर आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधा, कारण बऱ्याचदा ते सर्व्हरवरच्या एका ओळीत बरं होतं.

आधी चौकोन नीट बघा

क्लायंटकडून दोन गोष्टी मागून घ्या: स्क्रीनशॉट, आणि ॲड्रेस बारमधला पत्ता जसाच्या तसा. ब्राउझरचं नाव तिसरं. आयकॉनच्या जागी काय उमटलंय, त्यावरूनच अर्धं निदान होतं.

चौकोनाच्या पोटात बारीक चार अक्षरं-आकडे दिसत असतील तर तो फायरफॉक्स आहे आणि फॉन्टची फाइल त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. आयकॉन फॉन्टमधली चिन्हं युनिकोडच्या 'खासगी वापराच्या' पट्ट्यात बसवलेली असतात. त्या क्रमांकांना जगात ठरलेला अर्थच नसतो, म्हणून कॉम्प्युटरमधला दुसरा कुठलाही फॉन्ट मदतीला येऊ शकत नाही. फायरफॉक्स निदान क्रमांक तरी छापतो. क्रोममध्ये याच बिघाडाला रिकामा चौकोन दिसतो. दोन ब्राउझरमध्ये दोन रूपं दिसली म्हणून दोन दुखणी शोधत बसू नका.

आयकॉनच्या जागी 'होम', 'सर्च' असे इंग्रजी शब्द आले तर तुमच्याकडे गूगलचे मटेरियल आयकॉन्स आहेत. ते जोडाक्षरासारखे चालतात: पानात शब्द लिहिलेला असतो आणि फॉन्ट त्या शब्दाचं चित्र करतो. फॉन्ट आला नाही की शब्द उघडा पडतो. रंगाने भरलेला ठोकळा दिसत असेल तर ते सीएसएस मास्कचं काम (सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारे नियम, मास्क म्हणजे रंगाचा ठोकळा आयकॉनच्या आकारात कापणं). तुटक्या चित्राची खूण असेल तर फाइलचा पत्ता किंवा सर्व्हरने सांगितलेला फाइलचा प्रकार चुकलाय. आणि काहीच नसेल, नुसती मोकळी जागा असेल, तर स्प्राइट (सगळे आयकॉन एकत्र ठेवलेली फाइल) किंवा जाहिरात-अडवणारं एक्स्टेन्शन यांच्याकडे आधी संशयाने बघा.

आयकॉन फॉन्ट: दुरुस्ती सोपी, पण कुठवर?

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे फॉन्ट एका पत्त्यावर आणि पान दुसऱ्यावर. साधी चित्रं कुठूनही आणता येतात. फॉन्टला मात्र ब्राउझर परवानगी मागतात. फायरफॉक्सने २००९ साली ३.५ या आवृत्तीत वेबफॉन्ट (साइटबरोबर उतरणारे फॉन्ट) आणले तेव्हापासूनच हा नियम पाळला, बाकीचे हळूहळू मागून आले. म्हणून 'फक्त फायरफॉक्समध्ये आयकॉन नाहीत' ही तक्रार जुन्या लोकांच्या कानावर इतकी पडलेली आहे. आज क्रोम आणि सफारीही तेवढेच कडक आहेत.

यातला फसवा भाग असा की 'दुसरा पत्ता' म्हणजे दुसरी साइटच असायला हवी असं नाही. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला पत्ता ब्राउझरच्या लेखी दोन वेगळी घरं आहेत. एका पतसंस्थेच्या साइटवर मला हेच भेटलं. थीमच्या सेटिंगमध्ये पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट साठवलेला होता आणि साइट दोन्ही पत्त्यांवर उघडायची. मी बुकमार्कमधून जायचो, तिथले कर्मचारी नुसतं नाव टाइप करायचे. मला आयकॉन दिसायचे, त्यांना चौकोन. सगळ्यांनी, मीसुद्धा, ते ब्राउझरवर ढकललं आणि त्यांच्या फायरफॉक्सची सेटिंग्ज चाळण्यात दोन दिवस गेले. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर कायमचं वळवल्यावर प्रश्न मिटला. पत्ता जसाच्या तसा मागा म्हणालो, ते यासाठी.

फॉन्ट सीडीएनवर (फाइली वाटणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर) किंवा सबडोमेनवर असेल तर तिथल्या सर्व्हरने 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन' हे हेडर (फाइलीबरोबर जाणारी परवानगीची सूचना) पाठवायला हवं. कधी आयकॉन दिसतात, कधी नाही, असं होत असेल तर सीडीएनने हेडर नसलेलं उत्तर साठवून ठेवलंय का बघा. 'व्हेरी' हेडरमध्ये ओरिजिन टाकलं की ते थांबतं. पान एचटीटीपीएसवर आणि फॉन्ट अजून एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर तो सरळ अडवतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आयआयएस सर्व्हरला वॉफ-२ ही फॉन्टची फाइल कशाची आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून फाइल जागेवर असूनही तो ४०४ देतो. या सगळ्या गोष्टी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये आणि नेटवर्क टॅबमध्ये पाच मिनिटांत दिसतात. माझा साधा उपाय: फॉन्टची फाइल स्वतःच्याच डोमेनवर ठेवा. निम्मी कटकट तिथेच संपते.

मराठी साइटची म्हणून एक खास चूक आहे. देवनागरी सगळीकडे एकसारखी दिसावी म्हणून आपण सीएसएसमध्ये तारांकन (म्हणजे 'पानातल्या सगळ्या घटकांना') टाकतो, पुढे 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' या फॉन्टचं नाव लिहितो आणि वर 'इम्पॉर्टंट' (बाकीच्या नियमांवर मात करणारा शब्द) ठोकतो. तो नियम आयकॉनलाही लागतो. फॉन्ट ऑसम या आयकॉन फॉन्टमध्ये फॉन्टचं नाव आयकॉनच्या घटकावर दिलेलं असतं, त्यावर आपला नियम चढतो आणि सगळीकडे चौकोन होतात. बूटस्ट्रॅप आयकॉन्स यातून वाचतात, कारण त्यांनी नाव थेट 'बिफोर' या छद्मघटकावर (सीएसएसने घटकाच्या आत तयार केलेल्या भागावर, ज्याला तारांकन लागत नाही) दिलंय, तेही इम्पॉर्टंटसकट. तारांकन काढा, नियम बॉडीला लावा. वाचनासाठी स्वतःचा फॉन्ट सक्तीने लावणारी एक्स्टेन्शन वापरणाऱ्यांकडेही हेच घडतं, फक्त तिथे नियम तुमच्या हातात नसतो.

दुसरी गोष्ट भाषांतराची. इंग्रजी साइट असेल आणि वाचकाने क्रोमला 'मराठीत दाखव' म्हटलं, तर क्रोम मटेरियल आयकॉनमागचा शब्दही भाषांतरित करतो. कचऱ्याच्या डब्याच्या चित्राऐवजी 'हटवा' असं लिहून येतं, तेही भलत्या मापात, शेजारच्या बटणावर सांडलेलं. ज्याला इंग्रजी जड जातं त्याच माणसाच्या स्क्रीनवर हे होतं, म्हणून मला हा बिघाड सर्वांत जास्त खुपतो. आयकॉनच्या घटकाला 'ट्रान्सलेट' गुणधर्म 'नो' असा दिला की भाषांतर त्याला हात लावत नाही.

इथवर सगळं दुरुस्त होतं. यापुढचं होत नाही. ॲपलचा लॉकडाउन मोड (जास्तीच्या सुरक्षेची सेटिंग), २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आलेला, वेबफॉन्ट अडवतो. यूब्लॉक ओरिजिन या जाहिरात-अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये दूरचे फॉन्ट बंद करायचं बटणच आहे. ऑपेरा मिनी डेटा वाचवण्याच्या कडक मोडमध्ये वेबफॉन्ट उतरवत नाही. हे वाचकाने स्वतः निवडलेलं असतं, सर्व्हरवर कुठलीही ओळ लिहून ते बदलणार नाही. गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटने आपले आयकॉन फॉन्टमधून एसव्हीजीत २०१६ सालीच नेले. धूसर कडा आणि स्वतःचा फॉन्ट लावून वाचणारी माणसं, ही दोन्ही कारणं त्यात होती.

एसव्हीजी: एक नाव, चार पद्धती

'एसव्हीजी वापरा' हा सल्ला अपुरा आहे, कारण चारही पद्धती वेगवेगळ्या ठिकाणी मोडतात.

पहिली, एसव्हीजी थेट पानाच्या एचटीएमएलमध्ये. वेगळी फाइल नाही, म्हणून न पोचण्याचा, परवानगीचा, सर्व्हरच्या चुकीचा प्रश्नच नाही. पान आलं की आयकॉन आला. रंगाला 'करंटकलर' लिहिलं की आयकॉन शेजारच्या अक्षरांचा रंग घेतो. दोन पथ्यं पाळा. रुंदी-उंची सीएसएसवर न सोडता एसव्हीजीच्या टॅगमध्येच लिहा, नाहीतर सीएसएस उशिरा आलं की आयकॉन क्षणभर अवाढव्य दिसतो. आणि आतल्या आयडी वेगवेगळ्या ठेवा. दोन आयकॉनमध्ये एकच आयडी आली तर एकाचा ग्रेडियंट दुसऱ्याला लागतो. तोटा एवढाच की पानोपानी तोच मजकूर पुन्हा जातो. पण साधा आयकॉन अर्ध्या-एक केबीचा, आणि फॉन्ट ऑसमची सहाव्या आवृत्तीची मुख्य फाइल दीडशे केबीच्या घरात. वीस आयकॉन लागणाऱ्या साइटला हा हिशेब परवडतोच.

दुसरी, स्प्राइट. सगळे आयकॉन एका फाइलीत, आणि हवा तिथे 'यूज' टॅगने संदर्भ. शंभर आयकॉनच्या साइटला ही सुटसुटीत, फाइल एकदाच उतरते. पण फाइल दुसऱ्या डोमेनवर असली की आयकॉन गायब, आणि फॉन्टसारखं हेडर पाठवून इथे सुटका नाही. सगळं सीडीएनवर टाकणाऱ्या होस्टिंगवर स्प्राइट घेऊ नका. जुन्या आयफोनवर फक्त मोकळी जागा दिसत असेल तर संदर्भ कसा लिहिलाय बघा. २०१९ मध्ये सफारी १२.१ येईपर्यंत तिला नुसतं 'एचरेफ' कळत नव्हतं, 'एक्सलिंक' लावावं लागायचं. इंटरनेट एक्सप्लोररला बाहेरची स्प्राइट कधीच जमली नाही.

तिसरी, नेहमीच्या चित्रासारखं इमेज टॅगमध्ये. दुसऱ्या डोमेनवरूनही चालतं, ऑल्ट मजकूर देता येतो, कुणालाही समजतं. मात्र बाहेरून रंग बदलता येत नाही. करंटकलर लिहिलं असलं तरी तो काळाच राहतो, म्हणून डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं होतं आणि लोकांना वाटतं आयकॉन लोडच झाला नाही. सर्व्हर ही फाइल 'इमेज, एसव्हीजी प्लस एक्सएमएल' म्हणून पाठवतोय ना तेही तपासा. साधा मजकूर म्हणून पाठवली तर ब्राउझर ती चित्र म्हणून दाखवत नाही.

चौथी, सीएसएस मास्क. रंग बदलता येतो आणि एचटीएमएल स्वच्छ राहतं, म्हणून मोह होतो. क्रोमला मात्र १२० या आवृत्तीपर्यंत, म्हणजे डिसेंबर २०२३ पर्यंत, 'वेबकिट' उपसर्ग लागत होता. फायरफॉक्स २०१७ पासून उपसर्गाशिवाय चालतो. त्यामुळे फायरफॉक्समध्ये बघून पास केलेला आयकॉन जुन्या अँड्रॉइड फोनवर ठोकळा होतो. दोन्ही ओळी लिहा. ठोकळ्याऐवजी काहीच दिसत नसेल तर मास्कची फाइल आली नाही किंवा परवानगीत अडकली, कारण मास्कलाही फॉन्टसारखीच परवानगी लागते.

आणि इमोजी?

फुकट आहेत, फाइल लागत नाही, म्हणून बरेच जण आयकॉनऐवजी इमोजी टाकतात. पण चित्र कसं दिसेल हे वाचकाचं यंत्र ठरवतं. भारताचा झेंडा टाकून बघा: विंडोजवर क्रोम आणि एजमध्ये तिरंग्याऐवजी देशाच्या कोडची दोन रोमन अक्षरं दिसतात, कारण विंडोजच्या फॉन्टमध्ये देशांचे झेंडेच नाहीत. फायरफॉक्स स्वतःचा इमोजी फॉन्ट बरोबर आणतो म्हणून तिथे झेंडा दिसतो. भाषा निवडायच्या बटणावर झेंडे नकोत. रुपयाचं चिन्ह मात्र बिनधास्त अक्षर म्हणून लिहा. ते २०१० पासून युनिकोडमध्ये आहे, त्यासाठी आयकॉन कशाला?

मग तुम्ही काय घ्यायचं

जुनी वर्डप्रेस साइट, थीम विकत घेतलेली, आयकॉन शेकडो ठिकाणी विखुरलेले: फॉन्ट ठेवा, स्वतःच्या डोमेनवर आणा, पत्ता एकच करा. दोन प्लगइन फॉन्ट ऑसमच्या दोन आवृत्त्या आणत असतील तर एक बंद करा. त्याच बैठकीत फोन, मेनू, शोध आणि पैसे भरायचं बटण एवढे चार-पाच आयकॉन थेट एसव्हीजीत बदलून टाका. वाचक ज्यांच्यावाचून अडतो ते हेच. बाकीचे सजावटीचे आहेत, सावकाश बदलता येतील. वर्डप्रेस मीडियात एसव्हीजी सुरुवातीला चढवू देत नाही. त्या फाइलीत स्क्रिप्ट लपवता येते, त्यामुळे ती अडवणूक योग्यच आहे. थीमच्या फाइलीत एसव्हीजीचा मजकूर टाकला की काम होतं.

नवीन साइट: थेट एसव्हीजी. आयकॉन पन्नासाच्या वर जाणार असतील आणि सगळं एकाच डोमेनवर असेल तर स्प्राइट. मास्क फक्त सजावटीला.

आणि कार्यालयातल्या जुन्या यंत्रणेसाठी काम असेल, जिथे एज अजून इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये चालवतात, तिथेही थेट एसव्हीजीच. फॉन्टची डाउनलोड तिथल्या धोरणात बंद असू शकते आणि ती उघडून घेणं तुमच्या हातात नसतं.

काम क्लायंटकडे द्यायच्या आधी माझी तपासणी अशी असते. यूब्लॉक ओरिजिनमध्ये दूरचे फॉन्ट बंद करून साइट उघडतो. मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एकदा आणि काढून एकदा. साइट इंग्रजी असेल तर क्रोमला मराठी भाषांतर करायला लावतो. शेवटी घरातल्या सर्वांत जुन्या अँड्रॉइड फोनवर डार्क मोड लावून फोनचं बटण सापडतं का बघतो, आणि आयकॉनशेजारी 'फोन करा' हे शब्द अक्षरांत लिहिलेले आहेत ना, तेही.