नेमप्लेट बघून घेतलेला ग्राइंडर

हे लिहायचं की नाही असं दोन महिने मनात चाललं होतं, पण ज्याने मला जुना ग्राइंडर विकला त्याच माणसाची जाहिरात परवा परत दिसली, तोच हिरवा हॅमरटोन रंग, तशीच पितळेची नेमप्लेट, किंमत हजाराने वाढवलेली, म्हणून आज बसून सगळं लिहून काढतोय. घरच्या वर्कशॉपसाठी जुना बेंच ग्राइंडर, म्हणजे टेबलावर बसवायचं, दोन्ही बाजूंना धारेचे गोल दगड फिरणारं मशीन, कुणी शोधत असेल तर पूर्ण वाचा, आणि वेळ नसेल तर निदान दगडाबद्दल लिहिलंय तेवढं तरी वाचाच.

मला लाकूडकामाचा नाद आहे, घरामागं पत्र्याची शेड आहे, सुट्टीच्या दिवशी मी तिथंच असतो. पटाश्या आणि रंध्याची पाती यांना धार लावायला ग्राइंडर हवा होता. आता दुकानात मिळतात ते बहुतेक मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या (आरपीएम) वर फिरणारे, पातळ पटाशी त्यावर धरली की टोक बघता बघता निळं पडतं, आणि निळं पडलं की पोलादाचं पाणी गेलं, मग ती कितीही घासा, धार टिकत नाही. म्हणून मला चार पोलच्या मोटरचा, १४४० च्या आसपास फिरणारा हवा होता, जड बिडाच्या बॉडीचा. माझे वडील टूलरूममध्ये होते, त्यांच्याकडे घरी असाच एक होता, इतका जड की दोघांनी उचलावा लागायचा आणि बंद केला तरी कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहायचा. ते गेल्यावर घर बदलताना तो भंगारात गेला, आणि ते मला आजही लागतं. हे सगळं सांगतोय कारण समोरच्या माणसाने फोनवर पाच मिनिटांत हे माझ्याकडून काढून घेतलं, आणि नंतर जे जे मला ऐकायचं होतं तेच तो बोलत गेला.

जाहिरातीत लिहिलं होतं, १९६२ चं मॉडेल, ८ इंची, सिंगल फेज, १४४० आरपीएम, पूर्ण रिस्टोर केलेलं. नेमप्लेटचा फोटो मोठा करून टाकलेला, विलायती कंपनी पण मशीन मुंबईत बनलेलं. कंपनीचं नाव इथं देत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. किंमत १३,५००. मी फोन केला तर म्हणाला, "दादा, संध्याकाळी दोन पार्ट्या येतायत, तुम्हाला खरंच हवं असेल तर टोकन टाका, मी थांबवतो." मी यूपीआयने २,००० टाकले. मशीन न बघता टोकन दिलं की तिथं गेल्यावर आपण घ्यायच्याच मूडमध्ये असतो, नाही म्हणायला जड जातं, ते त्याला पक्कं माहीत असणार.

एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याचा गाळा होता. मी गेलो तेव्हा मशीन आधीच चालू होतं. तेव्हा मला वाटलं बरं झालं, लगेच बघायला मिळालं. लोखंडी टेबलाला बोल्ट मारून घट्ट बसवलेलं, खाली रबराची शीट, आणि त्याने टेबलावर एक रुपयाचं नाणं उभं करून दाखवलं, पडलं नाही. "बघा दादा, व्हायब्रेशन शून्य." मी हात लावला तर बॉडी कोमट होती, म्हटलं चालू आहे म्हणून असेल. दगडांवर गार्ड, म्हणजे तुकडा उडाला तर अडवणारं लोखंडी झाकण, नव्हते, विचारलं तर म्हणाला जुन्या मशीनचे गार्ड आता मिळत नाहीत, आणि पुढं म्हणाला, "उलट बरंच आहे, स्पीड कमी आहे ना, उद्या तुम्हाला दहा इंची दगड लावायचा तर तोही बसेल." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं येईल.

बिल मागितलं तर जुन्या मालाला बिल नसतं म्हणाला. उरलेले पैसे दिले, टेम्पोचे ६०० वेगळे, घरी आणलं.

घरी बटण दाबलं तर मशीन नुसतं गुरगुरलं, मग हळूहळू फिरायला लागलं, पूर्ण वेगात यायला वीस सेकंद तरी लागले. मी म्हटलं जड दगड आहेत. माझ्या लाकडी बेंचवर ते सरकायला लागलं, वरचा स्क्रूंचा डबा थरथरत कडेला आला. तरी मी बोल्ट मारले आणि एक इंची पटाशी धरली. अक्षरशः दोन वेळा फिरवली असेल, कोपरा निळा. पाण्यात बुडवून परत धरली, परत निळा. जरा दाबलं की मोटरचा आवाज खाली यायचा. दहा मिनिटांत वॉर्निश जळल्याचा वास सुटला, बंद केलं.

मित्राकडून फेऱ्या मोजायचा टॅकोमीटर आणला, दगडावर चिकटपट्टी लावली आणि मोजलं. २८४० च्या आसपास. पाटीवर १४४०.

त्या दिवशी माझे सासरे घरी होते. त्यांची सगळी नोकरी पोस्टात गेली. ते शेडमध्ये आले, चष्मा वर करून पाटी वाचली आणि म्हणाले, "हे कितीचं म्हणतोस?" मी म्हटलं, अण्णा, १९६२ चं, त्यावर आकडाच आहे. त्यांनी पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं. मुंबईचा पत्ता आणि पुढं सहा आकडी पिनकोड. "पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी मुंबई १४, मुंबई २८ असं लिहायचे. ही पाटी ६२ ची असूच शकत नाही." मी तिथंच स्टुलावर बसलो. इतके दिवस त्या पाटीचा फोटो मी झूम करकरून बघत होतो, नाव वाचलं, साल वाचलं, पत्ता वाचलाच नाही. मग नीट बघितलं तर पाटी बसवलेली ॲल्युमिनियमच्या चकचकीत पॉप रिव्हेटने, आणि तिच्याखाली बॉडीत दुसऱ्याच मापाची चार जुनी भोकं बुजवलेली. म्हणजे या मशीनची स्वतःची पाटी वेगळी होती, ती काढून टाकलेली.

दुसऱ्या दिवशी मशीन आमच्या इथल्या वाइंडिंगवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी झाकण उघडलं आणि पहिलंच वाक्य, "ही थ्री फेजची मोटर आहे." मूळ दोन पोलची, म्हणजे २८०० च्या वर फिरणारी, ४४० व्होल्टची, तिला कपॅसिटर जोडून सिंगल फेजवर कशीबशी फिरवलेली. अशी मोटर मोकळी फिरते पण तिच्यात जोर राहत नाही आणि सुरू व्हायला तर जीव जातो, म्हणून मी गेलो तेव्हा ती आधीच फिरत ठेवलेली होती. जळकट वाइंडिंगवर वरून ताजं वॉर्निश ओतलेलं. अर्थिंगची वायर प्लगपर्यंत आलेली पण आत बॉडीला जोडलेलीच नव्हती, नुसती कापून सोडलेली. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण माझा मुलगा शेडमध्ये माझ्यासोबत असतो.

मग रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, शाफ्टसकट बाहेर काढला. बेअरिंग नवीन होती, पण बेअरिंग ज्या सीटवर बसते तिथं शाफ्टवर गोल फिरून सेंटर पंचाचे ठोके. बोट फिरवलं तर फणसाच्या सालीसारखं लागत होतं. काकांनी समजावलं, शाफ्ट झिजून सीट ढिली झाली की ती भरून, लेथवर टर्न करून, ग्राइंड करून मापात आणावी लागते, ते खर्चाचं काम, म्हणून हे लोक पंचाने ठोके मारतात, ठोक्याच्या कडा वर येतात आणि बेअरिंग त्यावर घट्ट बसल्यासारखी वाटते. पाच मिनिटांचं काम. पण ती बसते फक्त त्या टोकांवर, थोडे दिवस चाललं की टोकं दबतात आणि शाफ्ट परत डुलायला लागतो. काकांकडे शाफ्ट किती डुलतो ते काट्यावर दाखवणारा डायल गेज होता, लावून दाखवला, काटा थांबायचं नावच घेईना.

बॉडीचं पण तेच. एका पायाजवळ रंग जरा जाड वाटला म्हणून खरवडलं तर खाली लांबी (पुट्टी), लांबीखाली तडा, बोल्टच्या भोकापासून वरपर्यंत गेलेला. हॅमरटोन रंग मुळातच खडबडीत दिसतो, त्याच्याखाली काहीही लपतं. साधं लोहचुंबक फिरवलं असतं तर तिथल्या तिथं कळलं असतं, बिडाला चिकटतं, लांबीला चिकटत नाही.

आता दगड. रोटर काढायच्या आधीच काका म्हणाले होते, दोन्ही काढा. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात हे माहीत नसेल तर जोर लावून मोडू नका, तो नट उलट्या दिशेनं सुटतो. दोन्ही दगडांवर मधोमध कोरे गोल कागद नव्याने चिकटवलेले. खऱ्या कागदावर दगडाचा ग्रेड आणि जास्तीत जास्त आरपीएम छापलेला असतो, इथं काहीच नाही. काकांनी उजवा दगड भोकात बोट घालून लटकवला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच वाजवला, टण्ण असा स्वच्छ आवाज. डावा वाजवला, भद्द. परत वाजवला, भद्द. आपण उन्हाळ्यात माठ घेताना वाजवून घेतो, तडकलेला माठ कसा बोलतो ते सगळ्यांना माहीत आहे, तसाच. कागद सोलला तर भोकापासून बाहेर जाणारी केसाएवढी चीर, जवळजवळ दोन इंच.

या दगडासमोर मी दहा मिनिटं वाकून उभा होतो, गार्ड नसताना. ८ इंची दगड २८४० ला फिरला की कडेचा वेग सेकंदाला ३० मीटर होतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या वर. तुकडा सुटला तर चष्मा काय करणार. आणि त्याचं ते दहा इंचीचं वाक्य आठवा. पाटीवरच्या १४४० वर विश्वास ठेवून मी दहा इंची लावला असता तर खरा वेग सेकंदाला ३७-३८ मीटर गेला असता, आणि साध्या विट्रिफाइड (भट्टीत भाजलेल्या) दगडाची मर्यादा ३३ ते ३५ च्या आसपास असते. मशीन विकायचं म्हणून त्या माणसाने मला हे सुचवलं. पैशाचं मी एक वेळ सोडून देईन, हे नाही.

फोन केला तर आधी "दादा, जुना माल आहे, गॅरंटी कसली", मग "तुम्ही चालू बघून नेलंय", मग पिनकोडचं विचारल्यावर फोन कट, नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या नोंदी आणि चॅट जपून ठेवलंय, पण बिल नाही ही माझी बाजू कच्ची आहे हे मला कळतं. जाहिरात आधीच सेव्ह करून ठेवा, हे लोक व्यवहार झाला की काढून टाकतात.

मला विचाराल तर रंगवलेलं मशीन घ्यायचंच नाही. तेलकट, मळलेलं, मूळ रंग उडालेलं घ्या, त्यात काय बिघडलंय ते दिसतं तरी, आणि रिस्टोर करायचा आनंदही आपलाच. मी नंतर पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी असाच एक ६ इंची घेतला, पाटी अर्धी झिजलेली, ३,२०० ला, विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलं की एक बेअरिंग आवाज करते. ६२०३ नंबरच्या बेअरिंगची जोडी बदलली, दगड नवीन घेतले, बाकी काही नाही. जाताना सोबत चुंबक आणि अर्थिंग तपासायला मल्टिमीटर न्या, चालू मशीन दाखवलं तर बंद करायला लावा, पूर्ण थंड होऊ द्या, चहा प्या, मग स्वतःच्या हाताने सुरू करा आणि किती सेकंदात वेग घेतं ते बघा. बंद असताना दगड काढायला लावून शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा, आणि झाकण उघडू देत नसेल तर सरळ परत या, टोकन गेलं तरी चालेल. घरी आणल्यावर दगड मात्र नवेच घाला, दोन्ही बाजूला ब्लॉटर (ते मधले गोल कागद) लावून, रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि दगडात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट न ठेवता, आणि गार्ड नसेल तर पत्र्याचा जाड गार्ड करून घेईपर्यंत सुरू करू नका.

ते हिरवं मशीन काकांच्या दुकानात कोपऱ्यात पडलंय, शाफ्ट नवीन करायचा खर्च बघून ठरवीन. तडकलेला दगड मात्र मी गोणपाटात गुंडाळून हातोड्याने फोडला, भंगारवाल्याकडे अख्खा गेला असता तर कुणीतरी परत कागद चिकटवून लावला असता. परवाच्या जाहिरातीत पण गार्ड नाहीत आणि दगडांवर कोरे पांढरे कागद आहेत. तुमच्यापैकी कुणी त्याला टोकन दिलं असेल, किंवा मशीन घरी आणलंही असेल, तर बटण दाबायच्या आधी दोन्ही दगड काढा आणि वाजवून बघा.